गुलाम नबीचं धाकटं चाक

सत्तर सालानंतरची काही वर्षं आसेगावात मोटारगाडी एकच होती, पूनमचंद शेठची पांढरी फियाट. ती चालवणारा माणूसही एकच होता, गुलाम नबी. कागद शेठच्या नावाचे, पेट्रोल शेठच्या पैशाचं, तरी गाव तिला नबीची गाडी म्हणायचं, आणि शेठला त्याचं काही वाटत नसे.

गुलाम नबी उंच आणि वाळका होता. त्याची मान जराशी डावीकडे कललेली असे. इंजिनाकडे कान देऊन देऊन ती तशी झाली, असं तो सांगे. त्याचा बाप पिंजारी. लोकांच्या घरी जाऊन गाद्या भरायचा आणि खाटेचं माप सुतळीवर घ्यायचा. लांबीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. गुलाम नबी कापसाच्या ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, पण बापाची सुतळी त्यानं सोडली नाही. त्याच्या खिशात ती कायम असायची. टायरची झीज, नाल्यातल्या पाण्याची खोली, टाकीतल्या पेट्रोलची उंची, सगळं तो सुतळीनं मोजी. अक्षरओळख त्याला नव्हती. आकडा डोक्यातून जातो, गाठ जात नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. चौदा वर्षांत त्यानं कोणाला रस्त्यात सोडलं नव्हतं. गाडी अडली असेल, उशीर झाला असेल, पण बसलेला माणूस ज्या गावाला निघाला त्या गावाला पोचला होता. आणि याचं कारण तो स्टेपनी सांगे. डिकीत पाचवं चाक हवा भरून उभं असल्याशिवाय त्यानं गाडी गावाच्या शिवेबाहेर काढली नव्हती.

या पाचव्या चाकावरूनच त्याचा शेठच्या घरात एकदा वाद झाला.

शेठच्या आई कंचनबाई वर्षातून चार वेळा शिरपूरला देवदर्शनाला जात आणि दोन-तीन दिवस धर्मशाळेत राहत. बाहेरचं पाणी त्या पीत नसत. त्यांच्या घरामागच्या विहिरीचं पाणी त्या स्वतः दुहेरी कापडातून गाळत. गाळून झाल्यावर कापड उलटं करून त्यावर थोडं गाळलेलं पाणी सोडत, आणि कापडात अडकलेले बारीक जीव हळूच बादलीतून परत त्याच विहिरीत पोचवत. याला जैनांत जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचा जीव त्याच विहिरीत गेला पाहिजे. परगावच्या विहिरीवर हे नीट होतं की नाही याचा भरवसा नाही, म्हणून कंचनबाई आपल्या विहिरीचं पाणी गाळून, उकळून, गार करून सोबत नेत. ते पाणी एका मोठ्या पितळी हंड्यात असे. हंड्याला घरच्या माणसाखेरीज कोणी हात लावायचा नाही. यात कोणाचा अपमान आहे असं ना त्यांना वाटे, ना गुलाम नबीला. पावसाळ्यात छत्री घ्यावी तसं ते होतं.

पण फियाटच्या डिकीत हा हंडा, वळकट्या, स्टोव्ह आणि स्टेपनी एवढं सगळं मावत नव्हतं. हंडा दोन वेळा मागच्या सीटसमोर ठेवून नेला, तर शेठची बायको भागिरथी शिरपूरपर्यंत पाय दुमडून बसली आणि दोन दिवस लंगडली. तेव्हा शेठ म्हणाला की स्टेपनी काढून घरी ठेव, जाऊन येऊन साठ-सत्तर मैलांचा तर मामला आहे.

गुलाम नबीनं खिशातून गाडीची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "शेठजी, मंग ड्रायव्हर दुसरा पाहा."

"अरे, एका चाकासाठी?"

"चाकासाठीच. बाकी तुमच्या घरात मले कायची कमी हाये."

आत तांदूळ निवडत बसलेल्या कंचनबाईंनी हे ऐकलं. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "त्याचं चाक बी राहीन आन माहा हंडा बी राहीन, असं काही पाहा. भांडून डिकी मोठी होते काय?"

गुलाम नबीनं किल्ली परत घेतली आणि सुतळी काढली. तो अंगणातच उभा राहिला. सुतळीचं टोक त्यानं भागिरथीकडे टाकलं. तिनं ते हंड्याच्या पोटाला गुंडाळलं, मग काठापासून बुडापर्यंत धरलं, आणि त्यानं लांबूनच सांगितलं तिथं गाठी मारल्या. मग तो डिकीजवळ गेला आणि बराच वेळ तिथं वाकून राहिला. हिशेब असा निघाला की स्टेपनी घेराला एक वीत आणि जाडीला चार बोटं कमी असती, तर हंडा बसला असता.

आता, गाडीचं चाक एक वीत कमी करून देणारं दुकान कुठं असतं? त्या काळी असं धाकटं चाक वेगळं विकत मिळत नव्हतं. गुलाम नबी वाशीमला त्याचा मावसभाऊ इस्माईल याच्याकडे गेला. इस्माईलचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि दुकानामागं भंगाराचा ढीग होता. गुलाम नबीनं काय पाहिजे ते सांगितल्यावर इस्माईलनं हातातली काच खाली ठेवली.

"नबीभाई, लोक मोठ्या चाकासाठी येतात. तुमी पह्यले निघाले लहान मागनारे."

"मागनं माहं नाई. हंड्याचं हाये."

दोघांनी दिवसभर ढीग उपसला. पहिल्यांदा स्कूटरचं चाक निघालं. जागेला उत्तम, पण इस्माईलच म्हणाला की हे लावलं तर गाडी नमाज पढायला बसल्यासारखी दिसेल. गुलाम नबी हसला नाही. त्यानं ते चाक बाजूला ठेवलं. मग एका हातगाड्याचं भरीव रबराचं चाक निघालं. त्याला हवेची भीती नव्हती, पंक्चर नव्हतं, आणि इस्माईलला ते फार पसंत पडलं. गुलाम नबीनं त्यावर अंगठा दाबून पाहिला. रबर दबलं नाही. खड्ड्यात याचा सगळा दणका आसावर जाईल, आणि आसावरून बसलेल्या माणसाच्या मणक्यावर, असं म्हणून त्यानं तेही नाकारलं. चार वाजता एका जिनिंगच्या आवारात पडून असलेल्या जुन्या विलायती लहान गाडीचं चाक मिळालं. रिम बारीक, टायर अरुंद, पण कापड शाबूत. सुतळीच्या दोन्ही गाठी त्यावर बरोबर बसल्या. बोल्टची भोकं मात्र फियाटला जुळत नव्हती.

इस्माईलनं मोडक्या फियाटच्या रिमचा मधला तवा कापून काढला आणि या रिममध्ये जोडला. वेल्डिंग झाल्यावर गुलाम नबीनं चाक आडव्या सळईवर अडकवलं, कडेला खडू धरला आणि चाक फिरवलं. खडूची रेघ अर्ध्या भागावर उमटली, अर्ध्यावर नाही. म्हणजे चाक वाकडं बसलं होतं. इस्माईलनं जोड तोडून पुन्हा केला. दुसऱ्या वेळी रेघ थोडी कमी तुटली. तिसऱ्या वेळी पूर्ण गोल उमटली, तेव्हा दुकानाचे दिवे लागले होते आणि इस्माईल त्याच्याशी बोलायचा बंद झाला होता.

चाक मिळालं म्हणजे काम संपलं असं गुलाम नबीनं मानलं नाही. त्यानं सरकीची पोती गाडीत भरली, धाकटं चाक मागं लावलं आणि मंगरूळपीरला जाऊन आला. परत आल्यावर गाडीखाली जाऊन मागच्या आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्याला हात लावला. बोटं भाजली. मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद जाते. त्यातलं एक लहान असलं की ते जास्त गरगर फिरतं, आणि मधल्या गोळ्यातले दाते सारखे एकमेकांवर घासत राहतात. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच चाक पुढं लावलं, तेवढीच पोती, तेवढाच रस्ता. गाडी डावीकडे ओढत होती, पण गोळा थंड होता. त्या दिवशी त्यानं नियम केला. हे चाक पुढंच लावायचं. मागचं टायर गेलं तर पुढचं चांगलं चाक काढून मागं न्यायचं आणि धाकटं पुढं बसवायचं. वीस मैलांच्या वर वेग नाही. ओळख राहावी म्हणून त्यानं रिमला लाल रंग दिला.

चाक सीटच्या पाठीला टेकून आत उभं राहिलं, त्याच्या अंगावर वळकट्या आल्या, आणि पुढं हंड्याला बरोबर जागा झाली. कंचनबाईंनी येऊन पाहिलं आणि मान हलवली. गावातली माणसं मात्र बरेच दिवस डिकी उघडायला लावून बघत होती. नबीच्या गाडीला वासरू झालं, असं कोणीतरी म्हणालं आणि ते चाललं.

दोन वर्षं वासराची गरज पडली नाही.

पंच्याहत्तरच्या पौषात कंचनबाईंनी तेला केला. तीन दिवस अन्न नाही, पाणीही नाही. वय सत्तरीच्या पुढं. चौथ्या दिवशी शिरपूरच्या देवाचं दर्शन घेऊनच उपास सोडायचा, असा त्यांचा नेम होता. सूर्य बुडाल्यावर त्यांना पाण्याचा थेंबही चालत नव्हता. म्हणजे त्या दिवशी दिवस मावळण्याच्या आत शिरपूर गाठलं नाही, तर आणखी एक रात्र कोरडी. डॉक्टरनं शेठला आधीच सांगून ठेवलं होतं की तीनच्या वर एक दिवसही जाऊ देऊ नका.

निघायचं होतं सकाळी. पण पहाटे शेजारच्या गल्लीतली एक बाई बाळंतपणात अडली. तिला मंगरूळपीरच्या दवाखान्यात न्यायला गाडी कंचनबाईंनीच दिली. गुलाम नबी परत येईतो दीड वाजला. दोन वाजता फियाट निघाली. पुढं शेठ, मागं कंचनबाई आणि भागिरथी, डिकीत भरलेला हंडा.

कच्च्या रस्त्यानं किन्हीराजा गाठलं आणि ते मागं टाकून दोन मैल गेले असतील, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा आवाज झाला. बैलाच्या पायाची तुटकी पत्री टायरात शिरली होती आणि बाजूनं चार बोटं फाडून गेली होती. पंक्चर जोडण्यातला मामला नव्हता. गुलाम नबीनं उतरून पाहिलं, मग हात लांब करून सूर्याखाली बोटं धरून मोजलं. पावणेचार झाले होते. शिरपूर अजून वीस मैल.

त्यानं डिकी उघडली, आणि मग तो तसाच उभा राहिला.

लाल चाक सगळ्यात आत होतं. समोर काठापर्यंत भरलेला हंडा होता. आजवर हंडा घरून चढायचा तो रिकामा. भागिरथी आणि शेठ तो डिकीत ठेवत, मग कंचनबाई कळशी-कळशीनं भरत. शिरपूरला तो तिथंच तांब्यानं उपसून रिकामा होई. भरलेला हंडा डिकीतून कधी कोणी उचललाच नव्हता. गुलाम नबीनं त्याचा घेर मोजला होता, उंची मोजली होती. त्याला वजन असतं हे त्याच्या मनात आलं नव्हतं, कारण त्यानं तो जन्मात उचलला नव्हता.

शेठचं दिवाळीत हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. भागिरथीनं काठाला धरून जोर लावला, तर हंडा हलला नाही, नुसतं पाणी डुचमळलं. मागून एक बैलगाडी आली. गाडीवान उतरून हात द्यायला निघाला. कंचनबाईंनी गाडीतूनच त्याला हात जोडले आणि जाऊ दिलं. गुलाम नबी दोन्ही हात मागं बांधून उभा होता. काही विचारायचं नव्हतं. आपण उचलला तर एका दमात निघेल असं त्याला वाटत होतं, पण मग आतलं पाणी कंचनबाईंसाठी पाणी राहिलं नसतं.

कंचनबाई गाडीतून उतरल्या. तीन दिवसांत चेहरा आक्रसला होता, पण पाय स्थिर होते. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं.

"भागिरथी, एक तांब्या भरून झाकून ठेव. बाकीचं उपसून टाक."

भागिरथी घुटमळली. "बाई, सगळं?"

"सगळं. पन तिथं नको, तिथं मुंग्या हायेत. थांब, मी जागा दाखवते."

त्या वाकून वाकून जमीन बघत रस्त्याच्या कडेला गेल्या. जिथं मुंगी नाही, किडा नाही, अशी कोरडी जागा त्यांनी शोधली. मग भागिरथी एकेक तांब्या तिथं नेऊन हळूच ओतू लागली. शेठ घड्याळ बघत होता. गुलाम नबीनं तोवर मागच्या आणि पुढच्या, दोन्ही डाव्या चाकांचे बोल्ट सैल करून ठेवले. घरच्या विहिरीचं पाणी काळ्या मातीत मुरत गेलं. हंडा रिकामा व्हायला वीस मिनिटं लागली. भागिरथीनं तो ओढून खाली घेतला, आणि गुलाम नबीनं वळकट्या उपसून चाक काढलं.

चाक घेऊन तो पुढच्या बाजूला जायला लागला, तेव्हा शेठनं त्याला अडवलं. फुटलं मागचं आहे, तर हे सरळ मागं लाव. दोनदा जॅक कशाला? वीस मैलांत काही होत नाही.

"शेठजी, मागं हे चालत नाई. गोळा जळते."

"अन् आईचा जीव? सूर्य कुठं गेला पाहून राह्यला ना?"

गुलाम नबी चाक धरून तसाच थांबला. कंचनबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या.

"गुलाम नबी, मागं लावलं तर काय होईन?"

"मालेगावपर्यंत काही नाई होनार, बाई. त्याच्या पुढचं मी नाई सांगू शकत."

"आन पुढं लावलं तर?"

"तर शिरपूर. पन दिवस बुडायच्या आत का मागून, ते मले नाई सांगता येत."

कंचनबाई पदर सारखा करून उठल्या. "मंग शिरपूरच लाव."

त्यानं पुढचं चांगलं चाक काढून मागं बसवलं, लाल चाक पुढं चढवलं. गाडीचं नाक डावीकडे कललं. रिकामा हंडा डिकीत गेला. झाकलेला तांब्या कंचनबाईंनी मांडीवर घेतला आणि वरून दोन्ही हात ठेवले. निघाले तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते.

तो वीस मैलांचा रस्ता गुलाम नबी वीसच्याच वेगानं गेला. रस्ता पश्चिमेला होता, आणि सूर्य सगळा वेळ समोरच्या काचेत होता. गाडी डावीकडे ओढत होती, तो ती उजवीकडे धरून ठेवत होता. एक एस.टी. मागून आली आणि धूळ टाकून पुढं गेली. शेठनं दोनदा घसा खाकरला. मालेगावला रस्ता कडक आणि सपाट होता, तिथं भराभर जाता आलं असतं. गुलाम नबीनं पाय जास्त दाबला नाही. भागिरथी नंतर सांगायची, की मला वाटलं हा माणूस बाईंना मुद्दाम उशीर करतो आहे. आणि मग तिनं आरशात त्याचा चेहरा पाहिला, तर त्याच्या मिशीतून घाम गळत होता, पौषाच्या थंडीत.

शिरपूरचं शिखर दिसलं तेव्हा गुलाम नबीनं एक हात सुकाणूवरून काढून सूर्याखाली धरला. दोन बोटं उरली होती. देवळाच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा एक.

कंचनबाई आत गेल्या. भागिरथी तांब्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली. शेठ पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. गुलाम नबी गाडीखाली गेला आणि मागच्या गोळ्याला हात लावून आला. गोळा थंड होता.

कंचनबाई बाहेर आल्या तेव्हा समोरच्या घराच्या धाब्याच्या कडेवर सूर्याची लाल कोर शिल्लक होती. त्यांनी नवकार म्हटला, तांब्या घेतला आणि पाणी प्यायल्या. चार घोट घेतले. तीन दिवसांच्या कोरड्या पोटाला त्याहून जास्त जात नाही. तोंड पुसून त्यांनी तांब्या भागिरथीकडे दिला, तर तांब्यात अर्ध्याच्या वर पाणी होतं. तोवर कोर बुडाली.

त्या पाण्याकडे गुलाम नबी बघत राहिला, असं शेठ सांगे.

त्यानंतर कंचनबाई शिरपूरला निघाल्या की मांडीवर एक तांब्या असे. बाकीचं पाणी धर्मशाळेच्या विहिरीचं घेत, भागिरथी ते गाळी आणि जिवाणी त्याच विहिरीत सोडून येई. कंचनबाई काठावर उभ्या राहून लक्ष ठेवत. हंडा घरीच राहिला. डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी परत आली. लाल चाक गुलाम नबीनं घरी नेलं, आणि त्याची बायको जमीला त्यावर पाण्याचा माठ ठेवू लागली. माठ तिथं चांगला बसला. इस्माईल कधी आसेगावला आला, की माठाखाली वाकून आपला जोड बघायचा आणि तीन वेळा केलेल्या कामाचा उल्लेख करायचा.

पुढं दोन-एक वर्षांनी तो हंडा वाशीमला कल्हईला पाठवायचा निघाला. ओट्यावर रिकामा ठेवला होता. गुलाम नबी अंगणात नेहमीच्या जागी थांबला, भागिरथीनं आणून गाडीत ठेवावा म्हणून. भागिरथी माहेरी गेली होती. शेठ दुकानात होता. कंचनबाई म्हणाल्या, "उचल तूच. आता आगीवरून जायाचाच हाये तो."

गुलाम नबीनं हात कपड्याला पुसले आणि हंडा उचलला. अंदाज चुकला. त्याला वाटलं होतं त्याहून बराच जड होता. तो एक पाऊल मागं सरकला, मग सावरला.

"रिकामा येवढा हाये?"

"मंग तुले काय वाटलं होतं?" कंचनबाई म्हणाल्या.

डिकीत स्टेपनी उभी होती, त्यामुळं हंडा तिथं मावणार नव्हता. गुलाम नबीनं मागचं दार उघडलं आणि तो सीटवर ठेवला, कंचनबाई बसत त्या बाजूला, आणि गाडी वाशीमच्या रस्त्याला लावली.